मूळ ट्रेसिंग कोणापाशी?

२०२३ साली जलसंपदा विभागाने ४,४९७ पदांची भरती काढली. कालवा निरीक्षक, मोजणीदार, दप्तर कारकून अशा नावांच्या यादीत ‘अनुरेखक’ हेही एक पद होतं. आमच्या कॉलेजातल्या काही मुलांनी अर्ज भरला आणि मग मला येऊन विचारलं, “मॅडम, अनुरेखकाला नेमकं करायचं काय असतं?” प्रश्न रास्त होता. ज्या ट्रेसिंग पेपरवर हे पद उभं राहिलं तो आता आमच्या माजलगावच्या दुकानांत मागितला, तर मेंदीच्या नक्ष्यांची वही पुढे येते.

उत्तर माझ्या घरातच होतं. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणतो, जायकवाडी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यावर अनुरेखक म्हणून लागले आणि आरेखक होऊन निवृत्त झाले. मी संख्याशास्त्र शिकवते आणि ‘आर’ या संगणकभाषेत आलेख काढायला लावते. आमचा बापलेकीचा धंदा एकच आहे, असं मी वर्गात सांगते तेव्हा मुलं हसतात. पण एकदा काढलेला आलेख जपायचा, पुढच्या वर्षी तोच बाहेर काढायचा, हवं तेवढंच बदलायचं आणि पुन्हा कामाला लावायचा, ही रीत संगणकाने शोधलेली नाही. सिंदफणा नदीच्या काठावरच्या एका कचेरीत ती ब्लेड आणि शाईने चालत होती.

आधी ती कचेरी. धरणाच्या कामात नकाशा दोनदा जन्माला यायचा. अभियंता किंवा आरेखक जाड ड्रॉइंग शीटवर पेन्सिलीने मूळ आकृती काढायचा. अनुरेखक त्यावर ट्रेसिंग पेपर किंवा ट्रेसिंग क्लॉथ पसरून खालची प्रत्येक रेघ शाईने वर उतरवायचा. टी-स्क्वेअर, सेट-स्क्वेअर, वळणांसाठी फ्रेंच कर्व्ह. पूर्वी रूलिंग पेन होतं, ज्याच्या दोन पात्यांमधलं अंतर स्क्रूने कमी-जास्त करून रेघेची जाडी ठरवत. नंतर रोट्रिंगची पेनं आली, एकेका जाडीचं एकेक. हे ट्रेसिंग तयार झालं की ते प्रिंटच्या मशीनवर जाई. रासायनिक लेप दिलेल्या पिवळसर कागदावर ट्रेसिंग ठेवायचं, वरून प्रखर प्रकाश सोडायचा. जिथे शाई नाही तिथला लेप उजेडाने मरतो, शाईखालचा जिवंत राहतो. मग कागद अमोनियाच्या वाफेवर धरला की त्या जिवंत लेपाची निळी किंवा जांभळट रेघ उमटते. ही अमोनिया प्रिंट. त्या खोलीतून बाहेर आलेल्या माणसाचे डोळे पाणावलेले असत आणि शर्टाला दिवसभर तो वास.

प्रिंट सगळीकडे जायची: साहेबांच्या टेबलावर, ठेकेदाराच्या हातात, भरावावर काम चाललं असेल तिथे. ती मळायची, फाटायची, उन्हात पडली तर फिकी व्हायची. कुणाला त्याचं काही नव्हतं, कारण ट्रेसिंग कपाटात गुंडाळून ठेवलेलं होतं आणि दुसरी प्रिंट काढता येत होती. दुरुस्तीसुद्धा ट्रेसिंगवरच. अर्धं ब्लेड बोटांत धरून नुसती वाळलेली शाई खरवडायची, खालचा कागद खरवडायचा नाही. मग ती जागा नखाने घासून गुळगुळीत करायची, नाहीतर नवी शाई तिथे फुटते. माझा एक मामेभाऊ तेव्हा कचेरीत उमेदवारी करत होता. त्याने एकदा प्रिंटवरच लाल पेनाने आकडा बदलला. दादा त्याला म्हणाले होते, “आरं, प्रिंटवर खोडून काय हुतंय? उद्या दुसरी प्रिंट निघंल, तिच्यावर तुजी खाडाखोड हाय का? मूळ कुठंय ते आदी बघ.” हे वाक्य घरात म्हणीसारखं झालं. किराणाच्या यादीपासून लग्नपत्रिकेच्या मजकुरापर्यंत सगळ्याला लागू.

ट्रेसिंग क्लॉथचं एक वेगळं सांगायला हवं. तलम सुती कापडाला खळ आणि चकाकी देऊन ते पारदर्शक केलेलं असे. पाणी हा त्याचा वैरी. घामाचा थेंब पडला तरी पांढरा डाग पडतो, म्हणून तळहाताखाली रुमाल ठेवून काम. पण रद्द झालेलं, नोंदवहीतून कमी केलेलं क्लॉथ गरम पाण्यात भिजवलं की खळ निघून जाते आणि हाती मलमल राहते. आमच्या घरात लहान मुलांची झबली त्याची होती. कुठल्या तरी चारीचा उभा छेद अंगावर घालून आम्ही रांगलो.

आता धरण. निजामाच्या हैदराबाद राज्यात गोदावरीवर मोठ्या धरणाची कल्पना निघाली तेव्हा जागा सुचवली गेली ती बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळची. पुढे मराठवाडा आधी मुंबई राज्यात आणि मग महाराष्ट्रात आला, नव्याने पाहणी झाली आणि धरण साधारण शंभर किलोमीटर वर, पैठणला सरकलं. नाव मात्र जायकवाडीच राहिलं. धरण हललं, फाइलीवरचं शीर्षक हललं नाही. दादांच्या मते यात नवल काही नाही: नकाशाचा क्रमांक तोच ठेवून आतली आकृती बदलणं हे कचेरीत रोजचंच. १८ ऑक्टोबर १९६५ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पैठणला पायाभरणी झाली, २४ फेब्रुवारी १९७६ला इंदिरा गांधींनी लोकार्पण केलं. दुसरा टप्पा आमचा. पैठणचा उजवा कालवा १३२ किलोमीटर वाहत येतो आणि सिंदफणेवरच्या माजलगाव धरणाला मिळतो. १९८७ साली हे धरण पुरं झालं. एकूण साठा ४५४ दलघमी (दशलक्ष घनमीटर), त्यातला १४२ मृत, उरलेला ३१२ उपयुक्त.

दोन्ही धरणांची वयं त्यांच्या आकड्यांवरूनही कळतात. पैठणची पूर्ण पातळी आजही वर्तमानपत्रं १,५२२ फूट अशीच छापतात. मीटरमध्ये ती ४६३.९०६ होते आणि कोणाच्या तोंडात बसत नाही. माजलगावची ४३१.८० मीटर, तिला फूट कोणी विचारत नाही. पहिल्या धरणाच्या कामाच्या काळात देश फुटांकडून मीटरकडे जात होता. त्या काळच्या ट्रेसिंगवर फुटांचे आकडे खरवडून मीटरचे भरलेले दादांनी पाहिले होते. रेघा त्याच, मापं नवी.

दादांच्या हातची जी वस्तू मला सगळ्यांत मोलाची वाटते ती धरणाची रचना दाखवणारी नव्हती. ती पाणीपातळीच्या आलेखाची कोरी चौकट होती. तळाला सिंचनाचं वर्ष, १ जुलै ते ३० जून. डाव्या बाजूला पातळी, मीटरमध्ये. उजव्या बाजूला साठा, दलघमीमध्ये. आडव्या दोन रेषा कायमच्या, एक पूर्ण संचय पातळीची आणि एक मृतसाठ्याची. पावसाळ्यात कोणत्या तारखेला धरण किती भरू द्यायचं हे सांगणारी जलाशय परिचालनाची वक्ररेषा तुटक टिंबांत. आणि वरच्या समासात, सरकारी नियमात नसलेली, बारीक अक्षरांत नक्षत्रं: पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा… हे साहेबांना नको होतं, पण कचेरीत येणारा शेतकरी सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्याचं नाव घेत नाही. ‘उत्तरा’ म्हणाला की त्याला कळतं. म्हणून ती ओळ राहिली.

ही चौकट म्हणजे मूळ. तिच्यावर कुठल्याच वर्षाची रेषा नव्हती. दर वर्षी तिची एक आरटीएफ निघायची. आरटीएफ म्हणजे पारदर्शक फिल्मवरची प्रत, जिच्यावर शाई चालते आणि जिच्यावरून पुन्हा प्रिंट निघते. त्या फिल्मवर रोजच्या गेज नोंदवहीतली पातळी टिंबाटिंबाने पुढे सरकायची. वर्ष संपलं की फिल्म नळीत, नवीन वर्षाला मूळ पुन्हा मशीनवर. दोन वर्षांची तुलना करायची तर दोन फिल्म काचेच्या टेबलावर एकावर एक ठेवायच्या आणि खालचा ट्यूबलाइट लावायचा. अक्ष एकाच मुळाचे असल्यामुळे रेषा आपोआप जुळत. संगणकावर वर्षांमागून वर्षं एकाच चौकटीत बसवताना मला या टेबलाची आठवण होते. दोन आलेखांची तुलना होते ती त्यांची चौकट एक असते म्हणून. डोळा कितीही तयार असला तरी वेगवेगळ्या अक्षांवरच्या दोन रेषा तो खरेपणाने ताडू शकत नाही.

मूळ जपण्याची ही युक्ती फार जुनी आहे. विल्यम प्लेफेअरने १७८६ साली इंग्लंडच्या आयात-निर्यातीचे आलेख छापले तेव्हा ते तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेले होते. १८०१च्या आवृत्तीत त्याने या व्यापाराच्या रेषा १८०० सालापर्यंत पुढे नेल्या. कोरीव पत्र्यात चूक झाली तर मागून ठोकून तो भाग वर उचलत, घासून सपाट करत आणि पुन्हा कोरत. तांब्याचा उल्लेख निघाला म्हणून सांगते, आमच्या तालुक्यातल्या पुरुषोत्तमपुरीला रामचंद्रदेव यादवाचे शके १२३२चे, म्हणजे इ.स. १३१०चे ताम्रपट सापडले आहेत. तेही तांबंच, तिथेही कोरणंच, पण हेतू अगदी उलटा: दानात कोणी फेरफार करू नये म्हणून तांबं. प्लेफेअरचा पत्रा बदलता यावा म्हणून, यादवांचा बदलता येऊ नये म्हणून. आलेख कोणत्या जातीचा आहे हे आधी ठरवायला हवं, असं मी मुलांना म्हणते ते इथून.

संगणकाने सुरुवातीला हे सगळं विसरून टाकलं. पैठणच्या लोकार्पणानंतर जेमतेम दहा आठवड्यांनी, ५ मे १९७६ला, अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये जॉन चेंबर्स आणि सहकारी एका बैठकीला बसले आणि त्यातून ‘एस’ नावाची संख्याशास्त्राची भाषा निघाली. ‘आर’ ही तिचीच धाकटी पाती. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी १९९०च्या दशकात घडवली. तिची १.०.० ही आवृत्ती २९ फेब्रुवारी २०००ला आली. या भाषांचा मूळचा आलेख म्हणजे कागदावर चालणारं पेन. आज्ञा दिली की अक्ष उमटले, दुसरी दिली की टिंबं, तिसरी दिली की रेषा. उमटलं ते उमटलं. शीर्षकात चूक झाली तर सगळं पहिल्यापासून. म्हणजे फक्त प्रिंट, ट्रेसिंग नाहीच. पडद्यावरचं चित्र ‘रेकॉर्ड’ करून पुन्हा दाखवायची सोय आहे, पण ती पेनाच्या हालचालींची नोंद असते. तीच हालचाल पुन्हा करून घेता येते, तिच्यात अक्ष वेगळा करून हातात धरता येत नाही.

ट्रेसिंग परत आणलं ते ट्रेलिसने. बेल लॅब्जमधल्या विल्यम क्लीव्हलंड आणि रिचर्ड बेकर यांच्या कामातून १९९०च्या दशकात ही पद्धत आली, आणि आरमध्ये ती ‘लॅटिस’ या नावाने लिहिली दीपायन सरकार यांनी. ते आता दिल्लीच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आहेत. लॅटिसमध्ये आलेखाची आज्ञा चित्र काढत नाही, ती एक वस्तू परत देते. त्या वस्तूला नाव द्या, जपा, नंतर ‘अपडेट’ म्हणून शीर्षक बदला, अक्षाची मर्यादा बदला, आणि छापायला सांगाल तेव्हाच चित्र दिसेल. नवख्यांची इथे हमखास फसगत होते. आवर्तनाच्या (लूपच्या) आत लॅटिसचा आलेख लिहिला की पडदा कोराच राहतो, कारण छापायला कोणी सांगितलेलंच नसतं. आरच्या नेहमीच्या प्रश्नोत्तरांत या तक्रारीला स्वतंत्र जागा आहे. दादांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना त्यात विचित्र काही दिसलं नाही. “ट्रेसिंग झालं म्हंजी प्रिंट झाली का? मशीनवर घालाय नको?”

मग २००७ साली हॅडली विकहॅम यांचं जीजीप्लॉट२ आलं. लेलँड विल्किन्सन यांनी १९९९ साली आलेखांचं व्याकरण मांडणारं पुस्तक लिहिलं होतं, त्याचा हा व्यवहारातला अवतार. इथे आलेख म्हणजे विदा (डेटा), तिच्या स्तंभांची अक्षांशी लावलेली जोडी, थर, मापं आणि साजशृंगार यांची बेरीज, आणि ती बेरीज खरोखरच अधिकचिन्हाने लिहितात. चौकट ‘पी’ या नावाने ठेवली की तिच्यावर नक्षत्रांचा थर अधिक करा, परिचालनाची वक्ररेषा अधिक करा. दोन टक्केचिन्हांमध्ये अधिकचिन्ह घालून नवीन विदा दिली की जुन्या चौकटीत सगळीच्या सगळी नवीन वर्षाची रेषा भरते. दादांच्या कोऱ्या मुळाच्या इतक्या जवळ जाणारी दुसरी गोष्ट मी पाहिलेली नाही.

पण बेरजेचा स्वभाव नीट ओळखावा लागतो. अक्षाचं माप दुसऱ्यांदा अधिक केलं तर जुनं जाऊन नवीन बसतं आणि आर तसं सांगतो. थर मात्र जात नाही. निळी रेषा नको म्हणून लाल अधिक केली, तर निळीवर लाल चढते. निळी खाली असतेच. ती काढायची तर वस्तूच्या आत शिरून थरांच्या यादीतून उपटावी लागते. हेच ते अर्धं ब्लेड. आणि चित्राची फाइल जपली तर ती प्रिंट. वस्तू जपली तर ते ट्रेसिंग. मुलं नव्वद टक्के वेळा चित्र जपतात, आणि मग परीक्षकाने अक्षाचं नाव मराठीत करायला सांगितलं की रात्र जागतात.

या रीतीतला खरा धोका मला दुष्काळाने दाखवला. पाणीसाठ्याची टक्केवारी दाखवणारा आलेख करायचा, तर कोणीही अक्ष ० ते १०० ठेवेल. भरल्या वर्षाच्या विदेवर तो छान दिसतो. आमच्या एका विद्यार्थ्याने असाच एक आलेख वस्तू म्हणून जपला होता आणि त्यात एकेक वर्षाची विदा घालून तो पानं काढत होता. २०१६चा उन्हाळा आला आणि रेषा मध्येच तुटली. पुढे पावसाळ्यात ती पुन्हा उगवली. मधल्या महिन्यांत काही नाही, पांढरा कागद. पण काही नव्हतं असं कसं? त्या उन्हाळ्यात माजलगाव मृतसाठ्यात होतं आणि बीड शहराचं पिण्याचं पाणी त्याच मृतसाठ्यातून उचललं जात होतं. एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी गेलं, तेच वर्ष. मराठवाड्यातली वर्तमानपत्रं अशा वेळी उपयुक्त साठा ‘उणे’ टक्क्यांत छापतात, आणि उणे आकडे ० ते १००च्या चौकटीबाहेरचे. जीजीप्लॉट अशा मापाबाहेरच्या नोंदी चित्र काढण्याआधीच टाकून देतो. इतक्या ओळी काढल्या, अशी एक सूचना कोपऱ्यात छापतो, ती वाचायला कोणाला सवड नसते. चौकट चांगल्या वर्षाची होती, म्हणून वाईट वर्ष तिच्यात मावलंच नाही, आणि जे मावलं नाही ते दिसलंच नाही.

उपाय सोपा आहे. मर्यादा मापावर न घालता दृश्यावर घालायची, म्हणजे विदा शाबूत राहते आणि फक्त खिडकी लहान होते. किंवा अक्ष खाली ओढायचा. दादांनी हेच हाताने केलं होतं: एका कोरड्या वर्षी टिंब चौकटीच्या खाली जाऊ लागलं तेव्हा त्यांनी मुळाच्या तळाला ट्रेसिंगची पट्टी जोडली, महिन्यांची नावं ब्लेडने काढून खाली उतरवली. हातात पेन घेतलेल्या माणसाला कागदाबाहेर जाणारं टिंब डोळ्यांआड करता येत नाही, हा त्याचा फायदा. संगणकाला हात नाही.

उजव्या अक्षाबद्दल आनंदाची गोष्टही सांगते. जीजीप्लॉटमध्ये कित्येक वर्षं दुसरा उभा अक्ष नव्हताच. दोन असंबद्ध मापं एकाच आलेखात घालून हवा तो मेळ दाखवता येतो, म्हणून विकहॅम यांचा त्याला विरोध होता, आणि तो बरोबर होता. २०१६च्या नोव्हेंबरात २.२.० आवृत्तीत तो आला, पण एका अटीवर: उजवा अक्ष डाव्याचंच रूपांतर असला पाहिजे, एकास एक. आमच्या धरणाचा आलेख या अटीत चपखल बसतो. पातळी वाढली की साठा वाढतोच, आणि किती वाढतो ते क्षमता-तक्ता सांगतो. तळाशी एक मीटर म्हणजे थोडं पाणी, वर पसाऱ्यात एक मीटर म्हणजे कितीतरी जास्त, म्हणून उजवीकडचे आकडे समान अंतरावर नसतात. हाताने काढलेल्या मुळातही ते वर दाट, खाली विरळ होते. विकहॅम या अमेरिकास्थित न्यूझीलंडरची अट आणि माजलगावच्या आरेखकाची मोजपट्टी इथे एकमेकांना भेटतात.

जपलेल्या वस्तूंचे इतर दोष मी घाईने सांगते, कारण ते ज्याचे त्याने भोगावेत. वस्तू आपल्याबरोबर सगळी विदा बाळगते. चित्र दहा टिंबांचं असलं तरी फाइलीत पूर्ण तक्ता असतो. ज्याला नुसता आलेख द्यायचा त्याला नावागावासकट नोंदी दिल्या जातात. काही गोष्टी ती बाळगत नाही, फक्त आठवणीत ठेवते: आवर्तनात दहा वर्षांचे दहा आलेख करून ठेवले आणि शेवटी छापले, तर दहाही ठिकाणी शेवटच्याच वर्षाची रेषा येऊ शकते, कारण कोणतं वर्ष हे छापताना पाहिलं जातं. आणि कपाट बदललं की कुलूपही बदलतं. सप्टेंबर २०२५मध्ये जीजीप्लॉट२ची ४.०.० आवृत्ती आली, तिने आतली वस्तूरचना एस७ नावाच्या नव्या पद्धतीवर नेली. जुन्या आवृत्तीत जपलेला आलेख नव्यात उघडेलच याची हमी कोणी देत नाही. दादांचं १९८०च्या दशकातलं ट्रेसिंग अजून उजेडासमोर धरलं की वाचता येतं.

शिवाय त्याच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकोन आहे. नकाशा क्रमांक, प्रमाण, काढणारा, तपासणारा, आणि त्यावर रिव्हिजनच्या ओळी: काय बदललं, कधी, कोणाची सही. जीजीप्लॉटच्या वस्तूत असा चौकोन नाही. शीर्षक आहे, उपशीर्षक आहे, तळटीप आहे. पण या आलेखाचा अक्ष मार्चमध्ये कोणी ओढला, हे ती वस्तू सांगत नाही. ज्यांना आज्ञावलीच्या आवृत्त्या जपायची शिस्त आहे त्यांची नोंद दुसरीकडे राहते, चित्रात नाही. मी मुलांना तळटीपेत तारीख, विदेचा शेवटचा दिवस आणि बदल करणाऱ्याची अद्याक्षरं लिहायला लावते. कंटाळतात. लिहितात.

सध्या आमच्या घरात एक वाद चालू आहे. धरणात गाळ येतो, त्यामुळे त्याच पातळीला मावणारं पाणी वर्षागणिक कमी होतं. नाशिकची मेरी, १९५९ साली सुरू झालेली महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, उपग्रहाच्या चित्रांवरून धरणांतल्या गाळाचा असा अंदाज काढते. नवीन क्षमता-तक्ता हाती आला की मी माझ्या जपलेल्या आलेखात उजव्या अक्षाचं रूपांतर बदलीन, एक ओळ, आणि १९८७पासूनची सगळी वर्षं एका क्षणात नव्या साठ्याने वाचली जातील. दादांना हे मान्य नाही. त्यांच्या फिल्मवर प्रत्येक वर्षाचा उजवा अक्ष त्या वर्षीच्या तक्त्याचा आहे. त्या वर्षी कालव्याची आवर्तनं सुटली, पिकं ठरली, ती त्या आकड्यावर. “तवा जे म्हायती हुतं त्येच्यावर पाणी सोडलं,” ते म्हणतात, “आता मागं जाऊन आकडा बदलला तर त्या येळच्या कागदाला काय आर्थ राहिला?” माझं म्हणणं, जुनी मापं चुकीची ठरल्यावर तुलना जुन्या मापांनी करायची कशाला. त्यावर ते विचारतात, मग जुन्या प्रिंटा फाडायच्या का? तोवर मी ‘पी’च्या दोन वस्तू केल्या आहेत, एक जुन्या तक्त्याची, एक नव्या तक्त्यासाठी जागा रिकामी ठेवलेली, आणि दोन्हींच्या तळटीपेत तक्त्याचं साल लिहायला जागा सोडली आहे.